हुतात्मा स्मारक आणि भोवतीची बाग: मित्रासोबत नीट कशी पाहावी?

दुधना
सप्टेंबरात बाहेरगावचे एक मित्र मराठवाड्यात येणार आहेत. माजी सैनिक आहेत, झाडांची जाण चांगली आहे, गुडघ्यामुळे पायऱ्या जपून चढतात. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाची स्मारकं त्यांना दाखवायची आहेत, तीही बागांसकट. लोक उद्यानात जातात, लेकरांना खेळवतात, स्तंभासमोर फोटो काढतात आणि निघतात. तसं करायचं नाही. कुठे जावं, कोणत्या दिवशी, स्तंभापाशी काय बघावं, नावं कशी वाचावीत, पुष्पचक्र वाहायचं तर रीत काय आणि बागेत नजर कशावर ठेवावी, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मांजराकाठ
बाग आणि स्मारक एकाच आवारात असलेली ठिकाणं तीन धरा. छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, परभणीचं राजगोपालाचारी उद्यान आणि नांदेडचं माता गुजरीजी विसावा उद्यान. १७ सप्टेंबरचं, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाचं शासकीय ध्वजारोहण या तिन्ही ठिकाणी होतं. सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्री येतात, बाकी जिल्ह्यांत पालकमंत्री. जालन्याचा स्तंभ टाऊन हॉलच्या आवारात आहे, तिथे बाग अशी फार नाही.

सिद्धार्थ उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाला अगदी लागून आहे. एसटीने येणाऱ्याला रिक्षाही लागत नाही. आत प्राणिसंग्रहालय असल्यामुळे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी स्तंभापाशी धड उभं राहता येत नाही. आठवड्यातला मधला दिवस आणि सकाळची वेळ धरा.

१७ तारखेला सकाळी बंदोबस्त असतो, वाहनं लांब लावावी लागतात, आणि ज्यांना पास आहे त्यांनाच पुढे सोडतात. सोहळा पाहायचा असेल तर तो दिवस घ्या. बिगूल आणि बंदुकीच्या फैरींची मानवंदना माजी सैनिकाला नक्की आवडेल. पण नावं वाचायची, झाडं बघायची तर १९ किंवा २० तारीख उत्तम. रंगरंगोटी आणि फुलांची सजावट तोवर टिकून असते, गर्दी ओसरलेली असते.

संभाजीनगरात असाल तर क्रांती चौकही त्याच फेरीत घ्या. १८५७ साली हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या बंडखोर शिपायांना जिथे मृत्युदंड दिला तो काळा चबुतरा तिथलाच. आज चहूबाजूंनी वाहतूक आहे, म्हणून सकाळी आठच्या आतच जा.

तेरणा
मित्र फौजी आहेत तर एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे स्तंभासमोर गोंधळ होणार नाही. या स्मारकांवर ज्यांची नावं आहेत ते बहुतांशी गणवेशातले सैनिक नव्हेत. शेतकरी, विद्यार्थी, शिक्षक, गावचे तरुण. १९४७ च्या ऑगस्टपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात, संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कँपांतून, रझाकारांशी (निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक) आणि निजामाच्या पोलिसांशी झालेल्या झटापटींत ही माणसं गेली. वसमतच्या बाजूचे बहिर्जी शिंदे, जालन्याचे जनार्दन मामा ही नावं पाटीवर शोधावीत अशी. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके लढ्यातून वाचल्या, त्यामुळे हुतात्म्यांच्या यादीत नसतात, पण त्यांच्याशिवाय जालन्याची गोष्ट पुरी होत नाही.

भारतीय लष्कराचा भाग पाच दिवसांचा. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सोलापूरकडून मुख्य फौज निघाली, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली. १५ तारखेला औरंगाबाद हाती आलं, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला निजामाच्या फौजेचे प्रमुख जनरल अल् इद्रूस यांनी चौधरींपुढे औपचारिक शरणागती पत्करली.

आणि म्हणूनच माझा आग्रह आहे, या मित्राला नळदुर्गला न्याच. पहिली मोठी चकमक तिथेच झाली. बोरी नदीवरचा पूल शत्रूने उडवायच्या आत धडधाकट ताब्यात घेणं हे सातव्या ब्रिगेडचं काम होतं, आणि ते साधलं म्हणून रणगाड्यांना पुढचा उमरग्याचा रस्ता त्याच दिवशी मोकळा झाला. दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग इथेच कामी आले. मांडीला गोळी लागलेली असताना ते सरपटत पुढे गेले आणि समोरच्या मशीनगनवर हातबाँब टाकले. अशोकचक्र मिळवणाऱ्या पहिल्या वीरांमध्ये त्यांचं नाव आहे.

नळदुर्ग सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, सोलापूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर, तुळजापूरहून तीसेक. सप्टेंबरात बोरीला पाणी असेल तर किल्ल्यातल्या पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे वाहतात. मात्र गर्दीही त्याच वेळी उसळते. गुडघ्याचं दुखणं असेल तर उपळी बुरुजाच्या पायऱ्या टाळा, त्या उंच आहेत आणि पावसात निसरड्या होतात. बंधाऱ्यापर्यंतचा फेरफटका पुरे.

बहावा
तेरणा, एक पुरवणी. पाटीवर कुणाची नावं आहेत हे बघताना कुणाची नाहीत तेही मित्राला सांगावं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांची हत्या केली. आणि लष्करी कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या खेड्यांतून निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातला एकूण आकडा किमान २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. स्तंभापुढे उभं राहताना हेही ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

तेरणा
पूर्ण सहमत. हे सांगितल्याने लढ्याची किंमत कमी होत नाही.

पाथरवट
आता दगडाकडे येऊ. नावं वाचण्याची एक साधी रीत आहे आणि ती दोघांनाच जमते. एकट्याने होत नाही, म्हणून मित्र सोबत आहे तर करूनच बघा.

कोरलेलं अक्षर समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसतं. उजेड दगडाला घासून, कडेने आला की खोबणीत सावली पडते आणि झिजलेलं अक्षरही उठून येतं. त्यासाठी घरातला ३० × ४५ सेंटिमीटरचा साधा आरसा न्या. पाटी सावलीत असेल तेव्हा एकाने दोनतीन मीटर बाजूला उन्हात उभं राहून आरशाने ऊन पाटीवर तिरपं टाकायचं, इतकं तिरपं की झोत दगडाला जेमतेम शिवेल. दुसऱ्याने पाटीच्या बरोबर समोर, मोबाईल पाटीला समांतर धरून, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्यायचे. मग आरसेवाल्याने बाजू बदलायची, कारण उभी रेघ डावीकडच्या उजेडात स्पष्ट होते तर आडवी रेघ वरून आलेल्या उजेडात. काना, वेलांटी आणि अनुस्वार यांतच नावं चुकतात, तेव्हा दोन्ही दिशांचे फोटो हवेतच. आरशाचा झोत कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी घ्या.

आरसा नसेल तर घड्याळ बघा. आपल्याकडे सप्टेंबरात सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या किंचित आधी. पूर्वेकडे तोंड असलेल्या पाटीवर त्याआधीचा अर्धा तास, पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाटीवर त्यानंतरचा अर्धा तास उजेड घासून येतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या पाटीला या दिवसांत थेट ऊन मिळतच नाही, तिथे आरसाच हवा.

अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, रांगोळी, शेव्हिंगचा फेस यातलं काहीही चोळू नका. खडू छिद्रांत बसतो, पिठावर बुरशी धरते, फेसातली रसायनं संगमरवर खातात. फारच अडलं तर स्प्रेच्या बाटलीतून साध्या पिण्याच्या पाण्याचा एक फवारा. ओला दगड गडद होतो आणि काही मिनिटं अक्षर स्वच्छ वाचता येतं.

वारणेचा
आमच्या गावच्या स्मारकावर १७ सप्टेंबरच्या आधी दगडाला तेल लावतात, मस्त काळाभोर चमकतो. चांगलं असतं का ते?

पाथरवट
नाही. आणि हे थांबवायला हवं.

खाद्यतेल काळ्या पाषाणावर हवेत चिकट होत जातं. त्यावर धूळ बसते, पुढच्या वर्षी तिच्यावर पुन्हा तेल, आणि तीनचार वर्षांत अक्षरांच्या खोबणीत काळा चिकट मळ भरतो. देवळातल्या मूर्तीला रोज तेल लागतं तसं रोज पुसलंही जातं. स्तंभाला वर्षातून एकदाच हात लागतो.

तेलापेक्षा वाईट ऑइल पेंट. हिशेब करा. इनॅमलचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा थर ठेवतो. दरवर्षी दोन हात म्हणजे ५० ते ६० मायक्रॉन. पंचवीस वर्षांत सव्वा ते दीड मिलिमीटर. आपल्याकडच्या पाट्यांवर अक्षरं दीडदोन मिलिमीटरच खोल असतात. म्हणजे एका पिढीत नाव रंगाखाली गडप. हेतू चांगला, पण ज्याच्यासाठी स्मारक बांधलं तेच पुसलं जातं. शिवाय रंगाखाली अडकलेली ओल बाहेर यायला वाट शोधते, मग पोपडे सुटतात, आणि पोपडा दिसला की पुन्हा रंग.

रंगवायचंच तर फक्त खोबण रंगवावी. सपाट भाग मास्किंग टेपने झाकून, शून्य नंबरच्या ब्रशने, एकच पातळ हात.

दुधना
पाथरवट दादा, आधीचा रंग काढायचा असेल तर? आणि पांढरे डाग पडलेले असतात ते कशाचे?

पाथरवट
आधी हे स्पष्ट करतो की पाहायला गेलेल्याने यातलं काहीही स्वतः करायचं नाही. उद्यान अधीक्षकांच्या किंवा बांधकाम विभागाच्या परवानगीनेच. पण कामाची रीत माहीत असली तर चुकीचं काम चाललेलं ओळखता येतं.

रंग काढायला जेलसारखं पेंट रिमूव्हर, ते मऊ झाल्यावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणं, नंतर भरपूर पाणी. सुरुवात नेहमी मागच्या बाजूला, १० × १० सेंटिमीटरच्या तुकड्यावर. ग्राइंडर, तारेचा ब्रश, वाळूचा मारा यांपैकी एकही दिसलं की काम थांबवायला सांगा. तारेच्या ब्रशचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि पहिल्या पावसात तांबेरतात.

रोजची धूळ काढायला नायलॉनचा मऊ ब्रश आणि साधं पाणी. दगड खालून वर ओला करत जायचा आणि वरून खाली धुवायचा. कोरड्या दगडावर वरून मळकं पाणी ओघळलं तर त्या रेघा दगड पिऊन घेतो, म्हणून खालचा भाग आधी ओला हवा. टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड संगमरवरावर टाकलं की फसफसतं. ते फसफसणं म्हणजे दगड विरघळणं. चकाकी जाते ती परत येत नाही, पॉलिश पुन्हा करावं लागतं.

पांढरे डाग दोन तऱ्हेचे. ठिपक्याठिपक्यांचे, एकाच बाजूला असतील तर ते तुषार सिंचनाचे. बोअरचं जड पाणी उडतं, वाळतं, क्षार मागे राहतात. जमिनीपासून वर चढत गेलेला पांढरा पट्टा असेल तर ती खालून ओढलेली ओल. तिच्यातले मीठ पृष्ठभागावर येऊन फुलतं आणि दगडाची सालपटं काढतं. त्यावर कागदाचा लगदा किंवा मुलतानी माती डिस्टिल्ड पाण्यात कालवून एक ते दीड सेंटिमीटर जाड लेप देतात, पूर्ण वाळू देतात, मग काढतात. दोनतीनदा करावं लागतं. पण ओलीचा उगम बंद केल्याशिवाय लेप म्हणजे वाया गेलेली मजुरी. आणि उगम शंभरात नव्वद वेळा बागेत असतो. हे बहावाताईंनी सांगावं.

बहावा
खरं आहे. स्मारकाचं नुकसान ऊन-पावसापेक्षा त्याच्या बागेने जास्त होतं. मराठवाड्यातली जमीन भारी काळी. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चौथऱ्याला दरवर्षी उचलते-सोडते. त्यात चौथऱ्याला भिडवून लॉन लावलं की बारमाही पाणी. मग फरशीचे सांधे सुटतात, पायऱ्या एका अंगाला कलतात.

पाहायला गेलात की आधी चौथऱ्याभोवती एक फेरी मारा आणि खाली बघा. चांगल्या ठिकाणी चौथऱ्यालगत किमान एक मीटरचा पक्का पट्टा असतो आणि त्याचा उतार बाहेर, मीटरला दोन सेंटिमीटर तरी. त्यापलीकडे ६० सेंटिमीटरचा खडीचा पट्टा, खडी २० मिमीची, १५ सेंटिमीटर खोल. लॉन त्याच्याही पलीकडे. पट्टा बांधताना खालची काळी माती ६० ते ९० सेंटिमीटर काढून मुरूम भरावा लागतो, १५–२० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसून घ्यायचा. एकदम भरलेला मुरूम पहिल्याच पावसाळ्यात बसतो आणि उतार उलटा होतो, पाणी चौथऱ्याकडेच येतं.

तुषार सिंचनाची तोटी स्तंभाकडे तोंड करून असेल तर ती १८० अंशांची, पाठ स्तंभाकडे करून बसवायची. पाचशे रुपयांच्या आतलं काम आहे. दुपारी पाणी मारायलेत असं दिसलं तर तेही चूक. अर्धं पाणी हवेत जातं आणि उरलेल्या थेंबांचे क्षार तापलेल्या दगडावर तिथल्या तिथे बसतात. पहाटे सहाच्या आत पाणी द्यावं.

लॉनचा हट्टच मुळात तपासायला हवा. एप्रिल-मे मध्ये आपल्या उन्हात लॉनला एका चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर पाणी लागतं. शंभर चौरस मीटरला सहा-सातशे लिटर, रोज. टँकरवर जगणाऱ्या गावात हे शोभत नाही. साधी हरळी कमी पाण्यात तग धरते, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसात हिरवी होते. त्या कार्पेट लॉनला एक आठवडा पाणी चुकलं की टक्कल पडतं.

वारणेचा
आणि झाडं? स्तंभाजवळ वड-पिंपळ असावा असं वाटतं, सावली आणि पावित्र्य दोन्ही.

बहावा
वड, पिंपळ, उंबर बागेत जरूर असावेत, पण कडेला. चौथऱ्यापासून १५ मीटरच्या आत नकोत. मोठ्या झाडाची मुळं हा एक धोका, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यांत रुजणारी रोपटी हा दुसरा, जास्त चिवट. बोटभर उंचीचं असताना पावसानंतर ओल्या सांध्यातून मुळासकट अलगद निघतं. कमरेएवढं झाल्यावर ओढलं तर सोबत दगड येतो. नुसतं कापलं तर चार फांद्या फुटतात. तेव्हा कापून बुंध्याला लगेच औषध लावावं लागतं, आणि ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच. मूळ वाळल्यावर सांधा चुन्याच्या मसाल्याने भरायचा. काळ्या दगडाच्या जुन्या बांधकामात नुसतं सिमेंट भरलं तर ओल कोंडते आणि शेजारचा दगड फुटतो.

गुलमोहर मे महिन्यात देखणा, पण लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात आणि वरवर पसरणारी मुळं फरशी उचलतात. देवचाफा शोभतो, मात्र फांदी हलक्या हाताने मोडते, लेकरं लोंबकळतात तिथे नको. डुरांटाच्या कुंपणाची पिवळी फळं विषारी, कण्हेर तर सगळीच. शाळेच्या सहली येतात तिथे कुंपणाला कोयनेल बरी, कमी पाण्यात घट्ट वाढते, महिन्यातून एकदा कापली की झालं.

स्तंभाभोवती मला पटणारी झाडं अशी: बकुळ, कारण सावली दाट, मुळं समंजस आणि फुलं जमिनीवर पडून सुकली तरी त्यांचा वास जात नाही. बहावा, एप्रिल-मे मध्ये पाण्याशिवाय फुलतो. कांचन. कडेला कडुनिंब. पारिजातक सप्टेंबरात फुलायला लागतो, म्हणून सकाळी लवकर जा. सडा उन्हं चढेपर्यंतच टवटवीत असतो. तुमच्या मित्रांना प्रत्येक झाडाच्या आळ्याकडे बघायला सांगा. खोडाला भिडलेलं आळं चूक. पाणी फांद्यांच्या घेराखाली हवं, खोडाशी माती चढलेली असेल तर साल कुजते.

मांजराकाठ
परभणीकडच्यांना एक फायदा. कृषी विद्यापीठ शहरातच आहे, झाडांत रस असलेल्या मित्राला तो परिसरही दाखवता येईल.

गोदाकाठची
गुडघ्याचं दुखणं लक्षात घेऊन थोडं. तीन ठिकाणं एका दिवसात बसवू नका. संभाजीनगर ते परभणी रेल्वेने जा, मनमाड–नांदेड मार्गावरच आहे, जालनाही वाटेत. पुढे नांदेडपर्यंत तीच गाडी. एक दिवस संभाजीनगर, दुसरा परभणी-नांदेड, आणि नळदुर्ग स्वतंत्र, ते वेगळ्या दिशेला आहे.

चौथऱ्याला बहुधा कठडा नसतो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि सोबत्याने नेहमी खालच्या पायरीवर राहायचं. संगमरवर किंवा पॉलिशचं ग्रॅनाइट ओलं असताना अनवाणी सुद्धा घसरतं. चपला काढण्याची रीत असेल तिथे सुती मोजे घालू नका, ते जास्त घसरतात. दुपारी दगड इतका तापतो की पाय टेकवत नाही. ज्यांना वर जाणं जमत नाही त्यांनी खालूनच मान तुकवावी, त्यात काही उणं नाही.

डास दिवसाही चावतात, कारंज्याच्या टाक्यांत पाणी साठलेलं असतं. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पाण्याची बाटली, टोपी, आणि पाऊस परतीचा असल्यामुळे छत्री.

सलामी
पुष्पचक्राबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. बाजारातलं तयार चक्र थर्माकोलच्या कड्यावर लोखंडी तारेने बांधलेलं असतं. तार चौथऱ्यावर तांबेरते, थर्माकोलचे गोळे बागभर होतात. फूलवाल्याला आदल्या दिवशी सांगून बांबूच्या कामटीचं कडं करून घ्या, ४५ सेंटिमीटर व्यासाचं, काथ्या गुंडाळून ओलं केलेलं, फुलं सुती दोऱ्याने बांधलेली. शेवंती दिवसभर टिकते. झेंडू स्वस्त, पण ओला झेंडू संगमरवरावर रात्रभर राहिला तर पिवळा डाग सोडतो. खाली केळीचं पान ठेवा. हळद-कुंकू, नारळाचं पाणी, अगरबत्ती दगडावर नको. मेणबत्ती लावायची तर पणतीत.

दोघांनी मिळून वाहायचं असेल तर दोन्ही बाजूंनी धरून सावकाश चालत जा, वाकून ठेवा, फित सरळ करा, तीन पावलं मागे, दोन मिनिटं स्तब्ध. माजी सैनिक गणवेशात नसतील तर सावधान उभे राहतील, त्यांना तुम्ही काही सांगायची गरज नाही. तुम्हीच त्यांच्याकडे बघून करा. आवारातल्या रखवालदाराला आधी विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी चक्र उचलून खतात टाकायला सांगा.

ध्वज फडकत असेल तर त्याकडेही नजर टाका. प्रमाण ३:२ असतं. फाटलेला, विटलेला ध्वज वर ठेवता येत नाही. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकांनी उघड्यावर लावलेला ध्वज रात्रंदिवस फडकवता येतो, आधी तो सूर्योदय ते सूर्यास्त असे. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. अर्ध्यावर आणायचा असला तर आधी पूर्ण टोकाला नेऊन मगच खाली घ्यायचा, आणि संध्याकाळी उतरवण्याआधी पुन्हा टोकाला. ध्वजाने स्तंभ किंवा पुतळा झाकायचा नाही, अनावरणालाही नाही. स्तंभाला तिरंगी कापड गुंडाळून सजवलेलं दिसलं तर आयोजकांना शांतपणे सांगा.

वारणेचा
बहावाताई, १७ सप्टेंबरला स्तंभाभोवती ताजी फुलं फुललेली हवीत. दरवर्षी कुंड्या विकत आणतात आणि आठ दिवसांत मरतात. गावातच कशी करायची?

बहावा
उलट मोजा. बुटका फ्रेंच झेंडू लावणीनंतर ३५ ते ४० दिवसांत फुलावर येतो, रोप तयार व्हायला २५ दिवस. म्हणजे बी जुलैच्या ८ ते १० तारखेला टाकायचं, लावणी ऑगस्टच्या ३ ते ५ ला. अंतर ३० × ३० सेंटिमीटर. उंच आफ्रिकन झेंडू हवा तर लावणीनंतर ४५ ते ६० दिवस लागतात, शेंडा खुडला तर आणखी आठवडाभर उशीर, म्हणून बी जूनच्या अखेरीस.

पण एकट्या झेंडूवर विसंबू नका. ऑगस्टच्या झडीत त्याचं मूळ कुजतं आणि पानांवर करपा येतो. वाफा १५–२० सेंटिमीटर उंच करा, काळ्या मातीत एक तृतीयांश वाळू आणि एक तृतीयांश कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेणखत घातलं की हुमणी येते. सोबत तेरडा आणि कोंबडा लावा. तेरडा पावसाळ्याचंच फूल, दोन महिन्यांत फुलतं, आणि कोंबड्याचा तुरा पावसातही मान टाकत नाही.

विकतच्या कुंड्या मरतात कारण त्या शेडनेटच्या सावलीत आणि कोकोपीटमध्ये वाढलेल्या असतात. एकदम फरशीवर उन्हात ठेवल्या की कोकोपीट दोन तासांत वाळतं. आणायच्याच असतील तर दहा दिवस आधी आणून रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

दुधना
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. फेरीत एखादं नाव वाचता येत नाही किंवा चुकीचं रंगवलंय असं दिसलं तर कुणाला आणि कसं कळवावं?

पाथरवट
शहरात महापालिकेच्या उद्यान विभागाला, गावात ग्रामपंचायतीला आणि प्रत तहसीलदारांना. अर्ज एका पानाचा. पाटी कोणत्या दिशेची, वरून कितवी ओळ, आज काय वाचता येतं ते जसंच्या तसं, आणि आरशाच्या उजेडातले दोन फोटो, डावीकडचा आणि वरचा. 'दुरुस्त करावे' इतकंच लिहिलंत तर रंगारी येईल आणि अंदाजाने काना-मात्रा भरून जाईल. म्हणून अर्जातच मागणी लिहा की आधी हुतात्म्याच्या गावातून, घरच्यांकडून आणि जिल्हा गॅझेटियरमधून नाव पडताळावं, पडताळलेली यादी टाइप करून सही-शिक्क्याने फाइलला लावावी, आणि त्यानंतरच ब्रशला हात लावू द्यावा. पोच घ्या.

तेरणा
संभाजीनगरात स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे, गोविंदभाई श्रॉफ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. पडताळणीसाठी तिथेही जाऊन या. गावाचं जुनं नाव आणि तालुका दोन्ही लिहून न्या, कारण १९४८ नंतर तालुके आणि जिल्हे बदलले आहेत. त्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं, लातूर उस्मानाबादेत आणि हिंगोली परभणीत.